एक्क्यांची जोडी आली म्हणून डाव आपला होत नाही

चोर्ला घाट उतरून पणजीत पोकर टूर्नामेंट खेळायला जाणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या पोरांत एक समज पक्का आहे: हातात दोन एक्के आले की जिंकलोच. हरलं की मग ‘पत्ते लावले होते’.

समज दिवाळीतल्या तीन पत्तीतून आला असावा. तिथं तीन एक्क्यांना तोड नाही. पोकरमध्ये मात्र दोन एक्के ही फक्त सुरुवात. टेबलावर सगळ्यांसाठी सामाईक असे आणखी पाच पत्ते उघडायचे असतात, आणि त्यातून समोरच्याचा हात तुमच्यावर चढू शकतो. समोर राजांची जोडी असेल, तर एक्के जिंकण्याची शक्यता साधारण 82 टक्के. म्हणजे पाचातून जवळपास एकदा हार, तीही कुणी लबाडी न करता.

टूर्नामेंटमध्ये हे जास्त झोंबतं. सगळ्या चिप्स लावून हरलात आणि समोरच्याकडं तुमच्याएवढ्या चिप्स असल्या, की थेट घरी. शिवाय सक्तीची बोली, म्हणजे ब्लाइंड, ठरावीक वेळानं वाढत जाते. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसताच येत नाही. 80 टक्क्यांची बाजू घेऊन सलग पाच वेळा सर्वस्व लावलं, तर पाचही वेळा तरण्याची शक्यता 33 टक्के. एक्क्यांची जोडी तर सरासरी 221 डावांत एकदा येते!