भुताचं अ‍ॅप आणि ईएमएफ मीटर: आकडा दोन्हीकडे, पण कसला?

पडक्या वाड्यात रात्र काढायची ठरली की चर्चा लगेच खर्चावर येते. परदेशी व्हिडिओंत भूत शोधणारी मंडळी हिरवे-लाल दिवे लुकलुकणारं एक काळं डबडं घेऊन फिरतात, ते ईएमएफ मीटर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र. ऑनलाइन हजार-दोन हजारांत साधंसं मिळतं. मग ग्रुपमधला एखादा शहाणा म्हणतो, ‘पैसे कशाला घालवता? मोबाइलवर फुकट अ‍ॅप आहे की!’ सगळे खूश. दोन्ही चुंबकीय क्षेत्र मोजतात, मग फरक तो काय?

फरक इतका आहे की एक ज्याला दाद देतं, ते दुसऱ्याला बहुतेक दिसतच नाही.

अ‍ॅप वापरतं तो सेन्सर फोनमध्ये होकायंत्रासाठी बसवलेला असतो. त्याचं काम पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणं, म्हणजे एका जागी स्थिर असलेलं क्षेत्र. त्यामुळे अ‍ॅप उघडल्या उघडल्या महाराष्ट्रात कुठंही 40 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास आकडा दिसतो. तो पाहून दचकणारे मी पाहिलेत. अहो, ती पृथ्वी आहे! हा आकडा किती नाजूक असतो ते अलिबागकरांना विचारा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली आणि इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली. आपण मात्र खिशात किल्ल्या आणि फोनला चुंबकाचं कव्हर ठेवून भूत मोजायला निघतो.

लोखंड जवळ आलं की अ‍ॅपचा आकडा हलतो. लोखंडी कपाट, खिडकीचे गज, स्लॅबमधल्या सळ्या, स्पीकर, काहीही चालतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर लोखंडी खिळे आहेत, त्यांच्याजवळ फोन नेला तर आकडा उडणारच, त्यासाठी नारायणरावांना बोलावायची गरज नाही. आपल्या काळ्या दगडातही मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं, तेव्हा किल्ल्यावरच्या दगडाला फोन टेकवून काढलेले निष्कर्षही जरा सांभाळूनच.

ईएमएफ मीटरची गोष्ट उलटी. त्यात तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण व्हायची तर क्षेत्र बदलत राहावं लागतं. फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेली हीच ती गोष्ट. घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं. मीटरला दिसते ती ही. मीटरवर आकडे बहुधा मिलिगॉस या दुसऱ्या एककात असतात. एक मायक्रोटेस्ला म्हणजे 10 मिलिगॉस, या हिशेबानं पृथ्वीचं क्षेत्र 400 मिलिगॉसच्या घरात जातं, तरी मीटर शून्य दाखवतं, कारण ते क्षेत्र बदलतच नाही. उलट अ‍ॅपमध्ये विजेच्या त्या उलटसुलट क्षेत्राची सरासरी शून्याकडे जाते. फार जवळ नेलं तर आकडा नुसता थरथरतो.

पटत नसेल तर स्वयंपाकघरात जा. फ्रिजवरचा चुंबक काढून ओट्यावर ठेवा. फोन जवळ नेताच अ‍ॅप बोंब मारेल, मीटर ढिम्म. आता मिक्सर लावा. मीटरचे दिवे भराभर चढतील आणि मिक्सर बंद केला की झटकन उतरतील.

मला हे उशिरा कळलं. कराडजवळच्या आजोळी माजघराच्या एका कोपऱ्यात कुणी झोपत नसे. अ‍ॅपनं तिथं 43 वरून थेट 118 दाखवले आणि मामेभावानं माझा दंड घट्ट धरला. सकाळी पाहिलं तर भिंतीपलीकडे जोंधळ्याची पत्र्याची कोठी. पुढच्या खेपेला मागून आणलेलं मीटर तिथं गप्पच राहिलं. ते पेटलं जिन्याखाली, रात्री साडेअकराला, पाचही दिवे. पाठोपाठ भिंतीतून ‘खट्ट’ असा आवाज. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्री होती, पलीकडच्या पडवीत विहिरीच्या मोटरीचा स्टार्टर होता आणि मामानं तो ऑटोवर टाकला होता. लाइट आली की मोटर आपोआप सुरू!

जुन्या घरांत आणखी एक भानगड असते. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) शेजारी-शेजारी गेले तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. पण दुरुस्त्या करकरून फेज एका भिंतीतून आणि न्यूट्रल तिसऱ्याच खोलीतून फिरवलेला असेल, तर मधल्या मोकळ्या जागेतही मीटर चढतं. खोलीच्या मध्यावर काहीच नाही आणि तरी दिवे पेटतात, हा ‘पुरावा’ बऱ्याचदा वायरमनचा असतो. मेन स्विच पाडून पुन्हा मोजा.

स्वस्त मीटरमध्ये सहसा एकच वेटोळं असतं, त्यामुळे मनगट वळवलं तरी आकडा बदलतो. जवळ फोन वाजला तरी काही मीटरचे दिवे नाचतात. तेव्हा तीन दिशांनी मोजणारं घ्या आणि सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर.

भूत आणि चुंबकत्व यांची सांगड मुळात जुळली कुठं? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकल पर्सिंगर यांचा दावा होता की डोक्याला क्षीण चुंबकीय क्षेत्र दिलं की कुणीतरी जवळ असल्याचा भास होतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पेर ग्रॅनक्विस्ट यांच्या गटानं क्षेत्र कधी चालू आहे हे कुणालाच कळू न देता तोच प्रयोग केला. 2005 मध्ये आलेला निष्कर्ष असा की अनुभव क्षेत्रावर नाही, तर माणूस सूचनेला किती बळी पडतो यावर ठरला. ते काही असो, दावा इतकाच होता की क्षेत्रामुळे माणसाला भास होतो. भुतातून क्षेत्र निघतं हे पुढं कुणीतरी परस्पर जोडून दिलं.

मग पैसे घालवायचे का? खिसा रिकामा असेल तर अ‍ॅप पुरे, फक्त ते लोखंड शोधणारं यंत्र आहे हे ध्यानात ठेवून. दीड हजार असतील तर मीटर घ्या, ते वायरिंग शोधेल. दोन्ही दिवसाउजेडी खोलीभर फिरवून वहीत नकाशा काढा, रात्री तेच आकडे पुन्हा घ्या. या कामाला माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू ती वही. बऱ्याच मीटरला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ती गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही, एक जास्तीची खिशात असू द्या. मोजताना मात्र ती फोनपासून लांब ठेवा, तिच्या पत्र्यानंही आकडा हलतो.