जपानी कापडावरील संरक्षक जकात (१९३०–३४)

स्वस्त परदेशी मालापासून देशी गिरण्या वाचवण्यासाठी ब्रिटिश भारताने सुती कापडावर चढत्या दराने बसवलेली आयात जकात. तिचा मुख्य रोख जपानवर होता. मुंबईच्या गिरण्यांना तिने आधार दिला, पण तिची झळ कापूस पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचली.

१९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ आणि इतर देशांच्या कापडावर २० टक्के जकात ठरली. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडले, येनचा भाव कोसळला आणि जपानी कापड इथे फारच स्वस्त पडू लागले. तेव्हा ब्रिटिशेतर कापडावरची जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के व जून १९३३ मध्ये ७५ टक्के करण्यात आली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या मालावर मात्र ती, १९३१ मध्ये वाढून झालेली, २५ टक्केच राहिली. देशी गिरण्यांच्या नावाखाली साम्राज्याची बाजारपेठही राखली जात होती, हे यातून उघड दिसते.

गिरणीमालकांची तक्रार डम्पिंगची, म्हणजे अवपुंजनाची होती. मायदेशातल्या किमतीपेक्षा कमी किमतीला परदेशात माल विकणे म्हणजे अवपुंजन. जपानला हा शब्द पुरता लागू पडत नाही. त्याच्या स्वस्ताईमागे घसरलेला येन होता, तसेच दोन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्या, स्वयंचलित माग आणि कापसाची घाऊक, जाणती खरेदीही होती. जकातीने येनच्या घसरणीवर उतारा मिळाला. देशी गिरण्यांच्या जुन्या यंत्रांवर तो मिळणे शक्य नव्हते.

जपानने भारतीय कापसावर बहिष्कार टाकून उत्तर दिले. आखूड धाग्याच्या या कापसाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक जपानच होते. मंदीने आधीच भाव पडलेले, त्यात हे गिऱ्हाईक फिरले. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला गिरण्यांच्या संरक्षणाची अशी किंमत मोजावी लागावी, हे अन्यायाचेच होते. अखेर सिमला व दिल्लीतील वाटाघाटींतून जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जकात ५० टक्क्यांवर आली आणि कापड कापसाशी बांधले गेले : जपानने कापसाच्या १० लाख गाठी उचलल्या तर त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात आणता येणार होते, १५ लाख गाठी उचलल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार.

गिरणी कामगाराच्या मजुरीची हमी मात्र या व्यवस्थेत कुठेच नव्हती. संरक्षण चालू असतानाच मुंबईत मजुरीला कात्री लागली आणि एप्रिल १९३४ मध्ये गिरणगावात सार्वत्रिक संप झाला.