मदतकार्य आणि विकासकामांतली शुद्ध पाण्याची सोय

भूकंप, पूर, युद्ध, निर्वासितांची छावणी, नाहीतर वर्षानुवर्षं पाण्यासाठी वणवण करणारं गाव, अशा ठिकाणी पाणी शोधायचं, साफ करायचं, साठवायचं आणि लोकांच्या घरातल्या भांड्यापर्यंत चांगलं राहील असं पोचवायचं, या सगळ्याची आखणी म्हणजे हा विषय. बऱ्याच जणांना वाटतं की एखादा भारी फिल्टर बनवला की झालं काम. फिल्टर हा यातला छोटा भाग आहे, खरी मारामारी असते ती पाणी वाहून कोण आणणार, कशात ठेवणार आणि सहा महिन्यांनी बिघडलं तर दुरुस्त कोण करणार याची.

आणीबाणीत आधी बघतात ते पाणी पुरेसं आहे का. थोडंसं एकदम शुद्ध पाणी दिलं आणि हात धुवायलाच काही उरलं नाही तर जुलाब थांबत नाहीत. १९९४ मध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक काँगोतल्या (तेव्हाचं झाईर) गोमा भागात आले, जमीन ज्वालामुखीच्या दगडाची त्यामुळे ना विहीर खणता येईना ना संडासाचे खड्डे, लोक किवू सरोवराचं पाणी तसंच प्यायले आणि कॉलरा व हगवणीने पहिल्या महिन्यातच जवळपास ५०,००० माणसं गेली. मदतसंस्थांनी १९९७ मध्ये स्फिअर नावाचे किमान निकष ठरवायला घेतले त्यामागे रवांडाचा हा सगळा अनुभव होता.

स्फिअरचे आकडे हिशोबातून आलेत हे समजून घ्यायला हवं. माणशी रोज किमान १५ लिटर आणि एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणजे झाले ३,७५० लिटर, नळाची धार मिनिटाला साडेसात लिटर धरली तर ५०० मिनिटं लागतात, म्हणजे आठ तासांच्या वर नळ सलग चालू. धार बारीक झाली की अख्खा हिशोब कोसळतो आणि रांग वाढते. पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत हवं आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये असंही त्यात आहे.

साफ करायची नेहमीची पद्धत साधीच असते. नदी-तळ्याचं पाणी टाकीत ओढायचं, तुरटी टाकून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन क्लोरीन घालायचं. क्रम उलटा चालत नाही, कारण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. मग नळावरचं पाणी छोट्या डबीत घेऊन डीपीडीची (क्लोरीन तपासायची) गोळी टाकतात, गुलाबी रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे, आणि किती गडद आहे त्यावरून किती ते कळतं. लिटरला ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम उरलेलं हवं असा नियम. पण गंमत अशी की नळावर बरोबर असलेलं पाणी उन्हाळ्यात कॅनमध्ये रात्रभर राहिलं की क्लोरीन उडून जातं, वर कोणी कळकट मग बुडवला की संपलंच, म्हणून काही छावण्यांत डोस मुद्दाम वाढवतात आणि बादल्या झाकणाच्या, तोटी असलेल्या देतात. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली सगळ्यात हुशार वस्तू तीच, तोटीची बादली.

विकासकामात घाई कमी असते पण प्रश्न जास्त किचकट असतात. जगभर पोचलेला इंडिया मार्क टू हापसा १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने सोलापूर पंप या आधीच्या हापशावरून तयार झाला, दणकट आहे, पण आतला वॉशर झिजला की सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्याला माणसं आणि हत्यारं लागतात, म्हणून पुढे मार्क थ्री आणि आफ्रिदेव आले ज्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो आणि गावातलीच माणसं दुरुस्ती करू शकतात. याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप, मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्यातून पाणी वर यायचं. कल्पना ऐकून सगळे खूश, पैसाही भरपूर आला, पण सांगितलेल्या २,५०० लोकांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल असा हिशोब निघाला, शेवटी ते चाक बायकाच फिरवत बसल्या.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं असंही नसतं. बांगलादेशात जंतूंपासून सुटका म्हणून लाखो कूपनलिका बसवल्या, बालमृत्यू घटायला मदत झाली असं मानतात, पण १९९३ मध्ये त्याच पाण्यात आर्सेनिक सापडलं, आधी त्याची तपासणीच होत नव्हती. आर्सेनिक उकळून जात नाही आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. तिथे मग तपासून नळांना रंग दिले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. लाल नळावर धुणी-भांडी खुशाल करता येतात, पण हिरवा नळ लांब असला की पिण्याच्या पाण्यासाठी रोजची पायपीट वाढते, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते.