फरशी खचत नाही, माती फुगते

मे महिन्यात घरामागे परसात शहाबादी फरशी घातली, तेव्हा लेव्हल ट्यूब लावून बघितली होती. बाहेरच्या बाजूला उतार अगदी नीट होता. ऑगस्टमध्ये पाहतो तर बाहेरच्या तिन्ही कडा बोटभर वर आलेल्या आणि मध्ये पाण्याचं तळं. गवंडी म्हणाला, "मधे खचली." एका परिचितांनी तर ईशान्येचा कोपरा उंच झाला म्हणून वास्तुदोष सांगितला. उचलल्या होत्या तिन्ही कडा. दिशेचा इथे काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो खालच्या काळ्या मातीचा.

दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावावरून त्याला हे नाव पडलं. त्याची रचना मला अतिशय सुंदर वाटते. सिलिकाचे दोन पापुद्रे, मध्ये अ‍ॅल्युमिनाचा एक, असा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा थर आणि अशा थरांची चळत. मधल्या पापुद्र्यात काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन, म्हणून थरावर ऋणभार उरतो. तो फेडायला कॅल्शियम, सोडियम यांचे आयन, म्हणजे धनभार असलेले कण, दोन थरांच्या फटीत येऊन बसतात. हे आयन पाण्याचे फार लोभी. पाऊस पडला की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात, फट रुंदावते आणि अख्खी चळत फुगते. आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग मोजले तर एका ग्रॅम खनिजाला सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात. चिनी मातीतल्या केओलिनाइटचे थर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, तिथे पाण्याला शिरकावच नाही.

आता कडाच का उचलल्या? उन्हाळ्यात सगळी माती कोरडी होती. पावसाचं पाणी आधी मुरलं ते फरशीच्या कडेने. मधल्या मातीवर फरशीचं छप्पर होतं. कडा फुगल्या, मधला भाग होता तिथेच राहिला. आणि डोळ्यांना तो खचल्यासारखा दिसला.

खात्री करायची तर घरी करता येते. वाळलेली माती कुटून मैद्याच्या चाळणीने चाळा. दोन सारख्या उंच ग्लासांत सारखी माती घ्या, एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि २४ तास ठेवा. रॉकेलचे रेणू अध्रुवीय, म्हणजे पाण्यासारखी धन-ऋण टोकं नसलेले, ते फटीत शिरत नाहीत. माझ्या मातीची पाण्यातली उंची रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दीडपट भरली.

उपाय काय? बरेच जण काळ्या मातीवर थेट वाळू पसरतात. माझ्याकडेही तेच झालं होतं. वाळूतून पाणी आरपार जातं आणि खाली साठून राहतं, म्हणजे फुगायला आयतंच निमंत्रण. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की चिकटून राहणारी पण न फुगणारी माती, म्हणजे आपला चांगला मुरूम, सुमारे एक मीटर दाबून भरला तर खालची माती जवळजवळ फुगत नाही. कालव्यांच्या अस्तराखाली हे तंत्र वापरलं गेलं. परसात एवढी खोदाई परवडत नाही. मी दीड फूट काळी माती काढून मुरूम भरला, पण आधी त्याचीही ग्लासात परीक्षा घेतली, कारण पिवळसर चिकट मुरूमही फुगतो.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत घालून धुम्मसने ठोकायचा. पाणी किती मारायचं? अमेरिकेत राल्फ प्रॉक्टरने १९३३मध्ये दाखवलं, की एका ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते. कोरडी असेल तर कण सरकत नाहीत. फार ओली असेल तर पाणीच जागा अडवतं. मुठीत दाबल्यावर गोळा वळावा, हाताला पाणी लागू नये. मुरमावर चार इंच खडी, वर बारीक कच आणि मग फरशी, घरापासून दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर उतार ठेवून. आणि कडेचा गुलाब मी दुसरीकडे हलवला. त्याला रोज घातलेलं पाणी नेमकं फरशीच्या कडेखाली मुरत होतं.