धूळ-माइटची अ‍ॅलर्जी आणि घरातील फर्निचर

घरातील धुळीत राहणारे माइट हे कोळ्यांच्या वर्गातील, आठ पायांचे आणि जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटर लांबीचे जीव असून ते माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. घरातील धुळीच्या अ‍ॅलर्जीचे एक मुख्य कारण हेच जीव असल्याचे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. शिंका, चोंदलेले नाक, डोळ्यांची खाज आणि दमा हा त्रास प्रामुख्याने माइटच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे होतो. म्हणून माइट मारले तरी ती प्रथिने धुऊन किंवा पुसून काढावीच लागतात.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शरीरात शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिल्यास ते तग धरू शकत नाहीत, परंतु कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात ती बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास असते. अशा ठिकाणी कापडी, जाड फोमचा सोफा घेणे अ‍ॅलर्जी असलेल्याने टाळावे. लाकूड, वेत, धातू किंवा चामड्याची बैठक पुसता येते. रेक्झिनही चालते, मात्र त्याची शिवण उसवली की आतील फोममध्ये धूळ व ओल शिरते. उशांचे अभ्रे आणि बैठकीची आवरणे चेन लावून काढता येतील अशीच असावीत.

खरे लक्ष अंथरुणाकडे द्यावे, कारण विष्ठेचे कण तुलनेने जड असल्याने हवेत फार काळ तरंगत नाहीत आणि रात्रभर नाक गादी-उशीलाच टेकलेले असते. घट्ट विणीची माइटरोधक खोळ गादी व उशी दोन्हींना सर्व बाजूंनी घालावी. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्याने प्रथिने बरीचशी निघतात, पण माइट मरत नाहीत. पलंग भिंतीला चिकटवून ठेवू नये, विशेषतः ती भिंत ओल धरणारी असल्यास. बॉक्सच्या पलंगात जुन्या गोधड्या वर्षानुवर्षे कोंडून ठेवण्याची पद्धत सोयीची असली तरी या रुग्णांसाठी ती वाईटच.

कापसाच्या गाद्या कडक उन्हात टाकण्याची आपल्याकडील जुनी रीत उपयुक्त आहे, कारण उष्णता व कोरडेपणा माइटना मारक ठरतात. त्यानंतर गादी झटकण्याचे किंवा पिंजून घेण्याचे काम रुग्णाने स्वतः करू नये, त्या वेळी जवळही थांबू नये. रोजच्या साफसफाईत कोरड्या फडक्याने धूळ उडवण्याऐवजी ओलसर फडके वापरावे व लाकडाच्या खाचा नंतर कोरड्या कराव्यात. व्हॅक्यूम क्लीनरला अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर असावा. कापडी सोफा वाफेने स्वच्छ केल्यास तो पंख्याखाली पूर्ण वाळवावा, अन्यथा उरलेल्या ओलीत माइट पुन्हा वाढतात. यांपैकी एकच उपाय केल्याने दम्यात ठळक सुधारणा झाल्याचे बहुतेक चाचण्यांतून दिसलेले नाही. ते एकत्र करावेत आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे या उपायांच्या भरवशावर बंद करू नयेत.