बाल्कनीतला तो पक्षी हमिंगबर्ड नाही

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. जास्वंदीची कुंडी, तिच्यावर अंगठ्यापेक्षा थोडा मोठा चमकदार पक्षी, बाकदार चोच फुलात खुपसलेली, आणि खाली ओळ : ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला!’ लगेच अभिनंदनाचा पाऊस पडतो. कुणीतरी ‘हमिंगबर्ड फीडर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल प्लास्टिकच्या बाटलीची लिंक टाकतं आणि चार जण ती मागवतात.

हमिंगबर्ड भारतात नाही. तो रानात सापडतो तो फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर. आपल्या बाल्कनीत येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. मुंबई-पुण्यापासून गोवा-नागपूरपर्यंत, जिथे चार फुलझाडं आहेत तिथे तो आहे. आपल्याकडे घराशी दोन जाती नेहमी दिसतात : जांभळा शिंजीर, ज्याचा नर लांबून पूर्ण काळा वाटतो, आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर, ज्याच्या नराचं पोट पिवळं आणि गळा चकाकणारा जांभळा असतो. दोन्ही जातींच्या माद्या साध्या, मळकट हिरव्या-तपकिरी पाठीच्या आणि पिवळसर पोटाच्या. जोडीने आलेले असले तरी पुष्कळांना ते दोन वेगळे पक्षी वाटतात.

संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून भिरभिरणारं काही दिसलं आणि त्याला चोचीऐवजी गुंडाळता येणारी लांब सोंड असेल, डोक्यावर दोन स्पर्शिका असतील, तर तो पक्षीही नाही. तो हॉकमॉथ जातीचा पतंग. त्याचेही व्हिडिओ हमिंगबर्ड म्हणून फिरत असतात.

हमिंगबर्ड आणि शिंजीर दिसायला सारखे असले तरी नात्याने फार लांबचे. हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या. जुन्या इमारतींच्या वळचणीला आणि पुलांखाली पिसं आणि गवत लाळेने चिकटवून घरटी करून वस्ती करतात त्याच. शिंजीर मात्र चिमणी, बुलबुल, दयाळ यांच्या मोठ्या कुळातला. त्या कुळात कावळाही येतो, म्हणजे शिंजीर हा हमिंगबर्डपेक्षा कावळ्याच्या जवळचा. दोघांनी वेगवेगळ्या खंडांवर, एकमेकांचा संबंध न येता, फुलातला मध पिण्याचा एकच धंदा पत्करला आणि त्या धंद्याने दोघांना सारखं रूप दिलं : लहान अंग, लांब चोच, लांब जीभ, झळाळणारे नर. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. गंमत अशी की हमिंगबर्डचे पूर्वज एके काळी अमेरिकेबाहेरही होते. जर्मनीत सापडलेल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचं वर्णन २००४ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यांची ठेवण आजच्या हमिंगबर्डसारखीच आहे.

फरक ओळखायचा तर उडणं बघा. हमिंगबर्डचा पंख खांद्यापाशी असा फिरतो की वर जाताना तो उलटा होतो आणि त्या झटक्यातही थोडी उचल मिळते, म्हणून तो हवेत टांगल्यासारखा राहू शकतो. शिंजीरला हे क्षणभरच जमतं. तो फुलाशेजारच्या देठावर बसतो, मान वाकडी करतो, प्रसंगी उलटा लोंबकळतो आणि मध पितो. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलात चोच पुरत नसेल तर बुडाशी भोक पाडून मध काढतो. फुलाच्या दृष्टीने ही चोरीच, कारण परागकण चोचीला लागतच नाहीत.

आता मला मनापासून ज्याबद्दल लिहायचं आहे त्याकडे येतो : जांभळ्या शिंजीराचा रंग.

हा नर सावलीत बसला की काळा. उन्हात आला आणि त्याने मान वळवली की गळा निळा होतो, डोकं हिरवट, छाती जांभळी. पुन्हा मान वळली की तीच पिसं काळी. असा जागच्या जागी बदलणारा रंग रंगद्रव्याचा असूच शकत नाही. हळदीचा पिवळा कुठूनही बघा, पिवळाच राहतो. शिंजीराच्या त्या पिसांत निळं किंवा हिरवं रंगद्रव्य मुळी नाहीच. त्यात दोनच गोष्टी आहेत : आपली नखं ज्या जातीच्या प्रथिनाची असतात ते केराटिन, आणि आपल्या केसांना काळं करणारं मेलॅनिन.

पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी काड्या फुटतात आणि त्या काड्यांना आणखी बारीक काड्या. या सर्वांत बारीक काडीच्या आत मेलॅनिनच्या सूक्ष्म पुड्या असतात, त्यांना मेलॅनोसोम म्हणतात. साध्या काळ्या पिसात त्या अस्ताव्यस्त पडलेल्या असतात. शिंजीरात त्या चपट्या होतात आणि केराटिनमध्ये एकावर एक, ठरावीक अंतरावर थर लावून बसतात. सगळी करामत या अंतराची.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना सीमेवर थोडा परत फिरतो. केराटिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती पट मंदावतो तो आकडा, साधारण १.५६, मेलॅनिनचा त्याहून जास्त. म्हणजे प्रत्येक थर हा एक फिकट आरसा झाला. वरच्या थरावरून परतलेली लाट आणि खालच्या थरावरून परतलेली लाट डोळ्यात एकत्र पोचतात, पण खालची लाट जाऊन-येऊन दुप्पट अंतर जास्त चाललेली असते. हे जास्तीचं अंतर नेमकं एका तरंगलांबीएवढं, म्हणजे प्रकाशलाटेच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधल्या अंतराएवढं असलं तर शिखरावर शिखर बसतं आणि तो रंग उजळतो. अर्ध्या तरंगलांबीएवढं असलं तर शिखरावर दरी येते आणि तो रंग विझतो. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तेही याच नियमाने.

हिशेब करून पाहू. दोन्ही द्रव्यांचा मिळून सरासरी अपवर्तनांक १.६ धरा. प्रकाश सरळ वरून पडला तर नियम असा : २ × १.६ × थरांमधलं अंतर = उजळणारी तरंगलांबी. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे अंतर सुमारे १४० नॅनोमीटर. हिरव्याची ५४०, म्हणजे अंतर सुमारे १७०. निळा आणि हिरवा यांत फरक फक्त ३० नॅनोमीटरचा! माणसाच्या केसाची जाडी ७५ हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. ती अडीच हजार भागांत कापली तर एक भाग तेवढा होईल. इतक्या काटेकोर मापाने शिंजीराचं अंग दर वेळी नवी पिसं घडवतं, आणि गळ्यावर एक माप, छातीवर दुसरं.

मग मान वळवल्यावर रंग का बदलतो? प्रकाश तिरका पडला की आतला किरण थरातून जास्त लांब चालतो, तेव्हा फरक वाढून रंग तांबड्याकडे जायला हवा असं पहिल्यांदा वाटतं. होतं उलट. आतला किरण तिरका चालून बाहेर येईपर्यंत वरच्या थरावरून परतलेला किरणही बाजूला पुढे गेलेला असतो. दोघांची तुलना एका रेषेत आणून करावी लागते, आणि ती वजाबाकी केली की उरतं ते २ × अपवर्तनांक × अंतर × कोज्या (कोसाइन) थ. इथे थ म्हणजे थराच्या आतल्या किरणाचा लंबाशी कोन. ३० अंशांची कोज्या ०.८७. म्हणजे सरळ पाहताना ५४० नॅनोमीटरवर हिरवा दिसणारा थर त्या कोनातून ४६८ वर, म्हणजे निळा दिसतो. आतले ३० अंश म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला ५३ अंश, कारण बाहेर पडताना किरण वाकतो. शाळेतला स्नेलचा नियम लावून हे कुणालाही ताडून पाहता येईल.

आणखी एक प्रश्न राहतो. केराटिन आणि मेलॅनिनच्या एका सीमेवरून अर्धा टक्काही प्रकाश परत येत नाही. तरी गळा इतका का झळकतो? कारण बेरीज होते ती लाटांच्या उंचीची आणि तेज उंचीच्या वर्गाने वाढतं. दहा लाटा शिखराला शिखर जुळवून आल्या तर उंची दहापट आणि तेज शंभरपट. शोषण लक्षात घेतलं तर आकडा खाली येतो, पण दिशा कळते. उरलेले रंग खाली शिरतात आणि मेलॅनिन ते गिळून टाकतं, म्हणून तो निळा इतका शुद्ध दिसतो. सावलीत फक्त हे गिळणंच जाणवतं आणि पक्षी काळा वाटतो.

हमिंगबर्डनेही याच तत्त्वावर रंग मिळवला, पण त्याच्या चपट्या मेलॅनोसोममध्ये हवेचे कप्पे असतात. शिंजीराचे मात्र भरीव. मोराने तिसरी वाट धरली : भरीव कांड्या चौकटीत रचलेल्या. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली मोरपिसातली ही चौकट मोजली, तर निळ्या भागात कांड्यांमधलं अंतर १४० नॅनोमीटरच्या आसपास आणि हिरव्यात १५० च्या आसपास निघालं. रॉबर्ट हूकने १६६५ सालीच मोरपीस सूक्ष्मदर्शकाखाली धरून नोंदवलं होतं की पाण्याने भिजलं की त्याचे रंग जातात. तेव्हा प्रकाश ही लाट आहे हेही सर्वमान्य झालेलं नव्हतं.

घरात मोरपीस असेल तर ते दिव्याच्या आड धरून पाहा. समोरून निळा-हिरवा दिसणारा डोळा मागून उजेड आला की तपकिरी होतो. परावर्तन संपलं, मागे राहिलं नुसतं मेलॅनिन. पांढऱ्या मोराला निळा रंग का नसतो, तेही इथेच कळतं : थर रचायला मेलॅनिनच नाही. आणि मोरपीस हातात आहेच तर हेही सांगतो की ते भिंतीला लावल्याने पाल पळत नाही. पाल येते ती दिव्याभोवतीच्या किड्यांसाठी. ते असेपर्यंत ती पिसाच्या शेजारीही बसेल, आणि बसू द्यावी. ती विषारी नाही.

हा रंग नर बाराही महिने वागवतो असं नाही. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजीराचा नर चमकदार पिसं टाकतो आणि मादीसारखा पिवळसर दिसू लागतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी पट्टी आणि पंखांवर थोडी चमक राहते. पावसाळ्यानंतर असा पट्टेरी पक्षी दिसला तर ती नवी जात समजू नका.

रंग पाहायचा तर ऊन आपल्या पाठीमागे हवं. सकाळी सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला उभं राहा आणि पक्षी समोर येऊ द्या. ढगाळ दिवशी किंवा उजेडाच्या आड बसलेल्या शिंजीराचे फोटो काळेच येणार, कॅमेरा कितीही महाग असला तरी.

त्याला बोलवायला बाटली लागत नाही. साखरपाणी आपल्या उन्हाळ्यात बघता बघता आंबतं, बाटलीत बुरशी धरते, आणि ती रोज घासणारे थोडेच. त्यापेक्षा जास्वंद, कर्दळ, अंगणात जागा असेल तर हादगा किंवा पांगारा लावा. परसात केळ असेल तर केळफुलावर शिंजीर येतोच. कुंडीत लावायचं सर्वांत खात्रीचं झाड म्हणजे हॅमेलिया. नारिंगी-तांबड्या बारीक नळ्यांची फुलं ते जवळजवळ वर्षभर देतं. हे मूळचं अमेरिकेचं, हमिंगबर्डसाठी घडलेलं फूल. इथे शिंजीर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून हक्काने बसतो, कारण नळीची खोली आणि चोचीची लांबी जुळते.

फुलांइतकेच कोळी महत्त्वाचे. शिंजीर नुसत्या मधावर जगत नाही. पिल्लांना वाढायला प्रथिनं लागतात आणि ती येतात बारीक किड्यांतून आणि कोळ्यांतून. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की लगेच जहाल औषध मारण्याऐवजी पाण्याचा जोराचा फवारा मारून तो धुऊन काढा. घरट्यालाही कोळीच लागतो. गवत, सालीचे तंतू, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने सांधून मादी एक लोंबती थैली करते. बाजूला दार, दारावर छोटासा छज्जा. लांबून ती थैली फांदीला अडकलेला कचराच वाटते, आणि तशी वाटणंच तिचं रक्षण. कोळिष्टकांनी घरात दारिद्र्य येतं म्हणून बाल्कनीचा कोपरा न् कोपरा झाडणाऱ्यांनी निदान बाहेरच्या कुंड्यांमागची जाळी ठेवावी. दारिद्र्याचा कोळ्याशी काही संबंध नाही.

थैली कधी दोरीला लटकते, कधी बेलच्या वायरला, कधी टांगत्या कुंडीला. अंडी बहुधा दोन. उबवणं आणि पिल्लं उडणं मिळून साधारण महिना जातो. तेवढे दिवस ती दोरी वापरू नका, घरटं सोयीच्या जागी हलवू नका, आत फ्लॅश मारू नका. पिल्लू खाली पडलं तर उचलून परत आत ठेवायला हरकत नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप त्याला टाकत नाहीत. आणि याच दिवसांत नर गाडीच्या आरशावर चोची मारताना दिसला तर आरशावर जुना मोजा चढवा. आतल्या प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो आणि हद्दीतून हाकलण्यासाठी दिवसभर स्वतःला दमवतो.