नकली लाकूड, नकली संगमरवर आणि शिशाचा सफेता : एक पार्श्वभूमी

भिंतीवर सजावटीची चित्रं काढणाऱ्या, लाकडाचा किंवा संगमरवराचा भास रंगवणाऱ्या पेंटरांची एक तक्रार नेहमीची आहे : पाण्यातलं ग्लेझ, म्हणजे अस्तरावर पसरायचा पातळ, पारदर्शक रंग, हात फिरवेपर्यंत सुकतं. तेलातल्या ग्लेझवर तास-दोन तास खेळता यायचं, ॲक्रिलिकमध्ये काही मिनिटांत रेष पक्की होते. तेलाकडून पाण्याकडे झालेला हा बदल निव्वळ कंपन्यांच्या सोयीसाठी झाला असं समजलं जातं. त्यामागे शंभर वर्षांचा वाद आहे आणि तो मुख्यतः रंगाखालच्या अस्तराचा आहे.

कला मात्र त्याहून कितीतरी जुनी. पाँपेईतल्या घरांमध्ये इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातच गिलाव्यावर रंगीत दगडी लाद्यांचा भास केलेला आहे. पुढच्या शतकात तिथल्या भिंतींवर खांब, कमानी आणि कमानीपलीकडचे देखावे आले. इटलीतल्या मांतुआच्या राजवाड्यातली १४७४ मध्ये पूर्ण झालेली खोली, तिच्या छतावरचं रंगवलेलं आकाश आणि कठड्यावरून खाली डोकावणारी माणसं जाणकारांना ठाऊक आहेत. अजिंठ्याबद्दल तर वेगळं सांगायला नको.

आजच्या धंद्याची घडण झाली ती एकोणिसाव्या शतकात. युरोपातल्या शहरांत घरं झपाट्याने उभी राहत होती. ओक आणि महोगनी महाग, पाइन स्वस्त. तेव्हा दारं, पॅनल, जिन्याचे कठडे पाइनचे करायचे आणि वर ओक रंगवायचा. काम सोपं नव्हतं. शिशाचा सफेता, म्हणजे शिशापासून बनवलेलं पांढरं रंगद्रव्य, जवसाच्या तेलात घोटून, त्यात पिवळसर छटा देऊन दोन-तीन हात मारायचे. प्रत्येक हात सुकला की घासून गुळगुळीत करायचा. त्यावर पातळ तपकिरी ग्लेझ पसरून पोलादी आणि चामडी कंगव्यांनी रेषा ओढायच्या. ओकमध्ये आडवे चमकदार पट्टे असतात, ते अंगठ्याच्या नखावर कापड गुंडाळून एकेक पुसून काढायचे. मग शिळ्या बिअरमध्ये कालवलेल्या रंगाचा एक विरळ हात, आणि शेवटी व्हार्निश. संगमरवराच्या शिरा पिसाने ओढायच्या आणि बॅजरच्या केसांच्या ब्रशने हलकेच विरवायच्या. या कामाला १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत पदकं मिळाली. ब्रुसेल्समध्ये १८८२ साली त्यासाठी शाळा निघाली आणि ती अजून चालू आहे.

याच काळात, १८४९ मध्ये, इंग्लंडमधल्या एका मोठ्या कलासमीक्षकाने लाकडावर संगमरवर रंगवणं ही वास्तुकलेतली फसवणूक ठरवली. कलेच्या इतिहासात या वादाला भरपूर जागा मिळते. मला तो दुय्यम वाटतो. ज्यांच्या हातून ही ‘फसवणूक’ व्हायची त्यांची मनगटं लुळी पडत होती, पोटात असह्य कळा येत होत्या, आणि त्याचं कारण अस्तरात होतं.

शिशाचा सफेता सोडवत नव्हता, कारण जवसाच्या तेलाशी त्याचा संयोग होऊन घट्ट तरीही लवचीक थर बनतो. असा थर ग्लेझ शोषत नाही, म्हणून कंगवा सरकतो आणि चूक झाली तर पुसता येते. जस्ताचा सफेता १८४० च्या दशकातच पॅरिसमधल्या एका रंगकाम कंत्राटदाराने कामगारांच्या काळजीपोटी वापरात आणला होता. पण तो कमी झाकतो आणि तेलात कालांतराने ठिसूळ होतो. मोठा धोका ब्रशमध्ये नव्हताच. तो दोन हातांमधल्या कोरड्या घासकामात होता. जितकं काम नजाकतीचं, तितकं घासणं जास्त आणि तितकी धूळ नाकातोंडात. फ्रान्सने १९०९ मध्ये कायदा करून १९१५ पासून रंगकामात शिशाचा सफेता बंद केला.

मग १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला. इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेता वापरायचा नाही. दोन टक्क्यांपर्यंत शिसं असलेली पांढरी रंगद्रव्यं तेवढी चालतील. रेल्वे स्थानकं आणि कारखान्यांना गरजेपुरती सवलत. अठरा वर्षांखालची मुलं आणि सर्व वयाच्या स्त्रिया यांना औद्योगिक स्वरूपाच्या अशा कामावर मनाई, शिकाऊ पेंटरांना मात्र परवानगी देण्याची मुभा. आणि कराराच्या दुसऱ्याच कलमात : ‘कलात्मक रंगकाम’ आणि बारीक रेषाकाम यांना ही बंदी लागू नाही, त्याची हद्द प्रत्येक सरकारने ठरवावी.

इथेच खरी गफलत झाली. भिंतीवर ओक उठवणारा कारागीर कलावंत की रंगारी? चित्रकाराच्या पॅलेटवरचा बोटभर सफेता आणि अख्ख्या दालनाला मारलेले तीन हात एकाच शब्दाखाली येऊ शकत होते. सूट देणाऱ्यांचा हेतू मी वाईट मानत नाही. बारीक कामाला तेव्हा तोडीचा पर्याय नव्हता. पण धोका धुळीच्या प्रमाणात मोजायला हवा होता, कामाच्या प्रतिष्ठेत नव्हे. करारात कोरडं घासणं आवरण्याचं कलम होतं, पाण्यात टिकणारा पॉलिश पेपरही नेमका त्याच सुमारास बाजारात आला. त्या कलमावर जोर दिला असता तर नकलेचं कामही टिकलं असतं आणि माणसंही. ब्रिटनने संपूर्ण बंदीऐवजी १९२६ मध्ये आपला वेगळा कायदा केला. त्यात कोरडं घासणं रोखलं, स्त्रियांना शिशाच्या रंगकामातून बाहेर ठेवलं, आणि ‘विशेष सजावटीच्या’ कामाला पुन्हा सवलतीची फट ठेवली. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी यायला १९७८ उजाडलं.

तोवर धंदा बदलला होता. टायटॅनियमचा पांढरा रंग आला, दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यातले इमल्शन रंग घरोघर पोचले, कोऱ्या पांढऱ्या भिंतीची आवड रुजली आणि ग्रेनिंगचे, म्हणजे लाकडाच्या रेषा उठवण्याचे, कंगवे अडगळीत गेले. १९८० च्या दशकात स्पंजाने, बोळ्याने रंग उठवायची लाट आली तेव्हा बहुतेकांनी हे काम पुस्तकांतून शिकून घेतलं. उस्तादाकडून शिकलेले थोडेच उरले होते. त्यानंतर प्रश्न शिशाकडून टर्पेंटाइनसारख्या द्रावकांच्या वाफेकडे वळला. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात सजावटी परिणामाच्या रंगांचा स्वतंत्र गट आहे, आणि २०१० पासून त्यांना दर लिटरला २०० ग्रॅम वाफेची मर्यादा आहे, मग रंग पाण्यातला असो की द्रावकातला. या वेळी मोजमाप डब्यातल्या मालाचं केलं, हे मला १९२१ पेक्षा न्याय्य वाटतं. ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी अल्प प्रमाणात परवाना देता येतो, आणि तेलातल्या जुन्या ग्लेझला कायदेशीर जागा उरते ती मुख्यतः तिथे.

जुने थर मात्र अजून घराघरांत आहेत. १९७८ च्या आधीच्या अमेरिकी घरात किंवा शंभर वर्षांच्या युरोपीय जिन्यावर नकली ओक सापडला, तर त्याखाली शिशाचं अस्तर असण्याची शक्यता मोठी. नवं म्युरल (भित्तिचित्र) काढायच्या घाईत त्यावर कोरडा पॉलिश पेपर किंवा सँडिंग मशीन फिरवू नये. आधी शिशाची तपासणी, मग ओलं घासणं, किंवा जुना थर पक्का असेल तर तो न उकरता वरून सील करून नवं अस्तर मारणं.